लांबचा पत्ता

मार्चमधल्या एका सकाळी पाषाण तलावाच्या काठी माझ्या कॅमेऱ्याचं भिंग अर्धवट बाहेर येऊन अडकलं. पुढेही जाईना, मागेही येईना. भाताच्या घासात खडा यावा तसा आतून एक आवाज आला आणि सगळं थंडावलं. समोर जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्याचा कोंब पायात धरून, लहान मूल ऊस खातं तशी, सोलून सोलून खात होती. तो फोटो राहिलाच.

दुरुस्तीवाल्याने कॅमेरा कानाशी धरून नारळासारखा हलवला. म्हणाला, "काकू, मोटर गेलीये. अख्खं भिंगच बदलावं लागेल." त्याने सांगितलेला आकडा नव्या कॅमेऱ्याच्या निम्म्याहून जास्त होता. ब्रिज कॅमेऱ्याचं, म्हणजे मोठ्या झूमचं भिंग कायमचं बसवलेल्या कॅमेऱ्याचं, हे मूळ दुखणं आहे. भिंग आणि धड एकाच जिवाचे, एक गेलं की दुसऱ्याला अर्थ नाही. आत धूळ शिरली तरी आपल्याला उघडून पुसता येत नाही. सात वर्षं भिगवणची धूळ आणि कोकणातला दमटपणा खाऊन झाल्यावर त्याला नावं ठेवण्यात तरी काय हशील? मी तो घरी आणून कपाटात ठेवला. अजून तिथेच आहे, भिंग अर्धं बाहेर, काही सांगता सांगता थांबल्यासारखा.

भाच्याला फोन केला तर त्याला आनंद लपवता येईना. "मावशी, बरं झालं. आता तरी मिररलेस घे. किती दिवस त्या खेळण्याने पक्षी बघणार आहेस?"

भाचा चाकणला यंत्रं बनवतो आणि शनिवार-रविवार पक्ष्यांमागे फिरतो. हा नाद त्याला मीच लावला, त्यामुळे त्याच्यावर रागवायची सोय नाही. त्याच्याकडे कॅननचा आर १० हा भिंग बदलता येणारा मिररलेस आहे आणि त्यावर शंभर ते चारशे मिलिमीटरचं भिंग. तेच मी घ्यावं असं त्याचं म्हणणं. माझ्या मनात होता निकॉनचा पी ९५०, म्हणजे पुन्हा ब्रिजच. माझ्या जुन्या कॅमेऱ्याचा झूम साठ पटींच्या आसपासचा होता, याचा त्र्याऐंशी पट. एप्रिल आणि मे असे दोन महिने आमच्या घरात या एका विषयावर जेवढी चर्चा झाली तेवढी भाच्याच्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती.

या नावांची एक गंमत आहे. मिररलेस म्हणजे आरसा नसलेला. जुन्या डीएसएलआरमध्ये भिंगामागे तिरका आरसा असायचा आणि बटण दाबलं की तो खटॅक करून वर उडायचा. २००८ साली पॅनासोनिकचा जी १ आला, त्यात भिंग बदलता येत होतं पण आरसा काढून टाकला होता. मग सगळेच त्या वाटेने गेले. पण ब्रिजमध्ये तरी आरसा कुठे असतो? तोही बिनआरशाचाच, फक्त ते त्याने कधी मिरवलं नाही. आणि ब्रिज हे नाव साध्या खिशातल्या कॅमेऱ्यापासून डीएसएलआरपर्यंतचा पूल म्हणून पडलं. आता खिशातले कॅमेरे मोबाईलने खाल्ले आणि डीएसएलआर मिररलेसने. दोन्ही काठ वाहून गेले तरी मधला पूल उभा आहे. मला त्याच्याविषयी जरा जास्तच माया वाटते त्याचं हेही कारण असेल.

दुकानात गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलाने पी ९५० दाखवायला जवळजवळ नकारच दिला. "मॅडम, याचा सेन्सर बघा." त्याने करंगळीचं नख दाखवलं आणि मग त्याचाही अर्धा भाग. तो खोटं बोलत नव्हता. ब्रिजचा सेन्सर, म्हणजे भिंगामागची प्रकाश टिपणारी चकती, साधारण सहा बाय साडेचार मिलिमीटरचा, आर १० चा बावीस बाय पंधराचा. क्षेत्रफळात बारा पट फरक. मी ३१ वर्षं रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये टपालाचं सॉर्टिंग केलं, त्यामुळे मला लगेच तिकिटं दिसली. मिररलेसचा सेन्सर म्हणजे रोजच्या वापरातलं लहान टपाल तिकीट, आणि ब्रिजचा म्हणजे त्या तिकिटाच्या कोपऱ्यात किंमत छापलेली असते तेवढी जागा. "लहान सेन्सर म्हणजे कमी प्रकाश," मुलगा म्हणाला. भाच्याने मान डोलावली. मीही डोलावली आणि काही न घेता घरी आले.

घरी आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसले. तीन दशकं पिनकोड वाचल्यावर माणसाला आकड्यांची भीती राहत नाही.

पी ९५० साठी २४ ते २००० मिलिमीटर सांगतात ती समतुल्य लांबी. म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यावर एवढं अरुंद दृश्य मिळवायला केवढं भिंग लागलं असतं, तो आकडा. आतल्या भिंगाची खरी लांबी ४.३ ते ३५७ मिलिमीटरच आहे. पूर्ण झूम केल्यावर त्याचं छिद्र एफ ६.५. हा एफचा आकडा म्हणजे भिंगाची लांबी भागिले छिद्राची रुंदी. तर उलटा भागाकार केला. ३५७ भागिले ६.५, उत्तर आलं ५५. म्हणजे पाणथळीच्या पलीकडच्या काठावर बसलेल्या पक्ष्याचा प्रकाश ५५ मिलिमीटर रुंद दारातून आत येतो.

आता भाच्याचं भिंग. चारशेला एफ ८. चारशे भागिले आठ, पन्नास.

मी पुन्हा भागाकार केला. आकडे तेच आले. एकाच बगळ्याचा, एकाच अंतरावरून, जवळजवळ तेवढाच प्रकाश दोन्ही कॅमेऱ्यांत शिरतो, उलट ब्रिजमध्ये किंचित जास्त. नळ तोच असेल तर खाली परात ठेवली काय आणि तांब्या ठेवला काय, पाणी तेवढंच पडणार. मोठ्या सेन्सरवर तो बगळा मधोमध लहानसा उमटतो आणि बाकीच्या परातीत आकाश, चिखल आणि वेड्या बाभळी. मग घरी येऊन तो कापून मोठा करायचा. वजनाचा हिशोबही असाच निघाला. आर १० आणि त्याचं भिंग मिळून १०६४ ग्रॅम, पी ९५० हा १००५ ग्रॅम. किमतीत मात्र मिररलेसची जोडी जवळपास दुप्पट.

भाच्याला कागदाचा फोटो पाठवला. तो इंजिनीअर आहे, त्यामुळे चिडला नाही, गप्प झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन. "मावशी, तू शेवटच्या टोकालाच भागिलंस. मधे भागून बघ ना. पक्षी जवळ असेल तर तू दोन हजारला जाणारच नाहीस. सहाशेला थांबशील."

सहाशे समतुल्य म्हणजे खरे १०७ मिलिमीटर. तिथलं छिद्र एफ ५ च्या आसपास धरलं तर उत्तर येतं वीस-एकवीस. ५५ ची वेशीएवढी कमान झूम मागे घेता घेता देवघराच्या दारासारखी आकसत जाते. आणि त्याचं भिंग सहाशे-साडेसहाशे समतुल्यलाच पन्नास मिलिमीटर उघडं! क्षेत्रफळात पाच-सहा पट. जवळच्या पक्ष्यासाठी, झाडीतल्या अंधारात, त्याचा कॅमेरा माझ्या पाच-सहा पट जास्त प्रकाश पिणार. दुकानातला मुलगा चूक नव्हता, मीही नव्हते. प्रश्न एवढाच उरला की माझे पक्षी कुठे बसतात.

याचं उत्तर शोधायला मी भाच्याचा कॅमेरा पंधरा दिवस मागून घेतला. प्रामाणिकपणे सांगते, त्या पंधरा दिवसांत मी तीनदा विचार बदलला.

घराजवळच्या टेकडीवर वेडा राघू तारेवरून झेप घेतो, हवेतच माशी पकडतो आणि गिरकी घेऊन परत त्याच जागी येऊन बसतो. सात वर्षांत मला त्याची झेप एकदाही मिळाली नव्हती. माझ्या कॅमेऱ्याने फोकस शोधायला सुरुवात करेपर्यंत राघू माशी गिळून मोकळा व्हायचा. आर १० ने पहिल्याच सकाळी पक्ष्याच्या डोळ्यावर चौकोन चिकटवला आणि तो हलूच दिला नाही. राघू उडाला, चौकोन त्याच्याबरोबर उडाला. सेकंदाला पंधरा फोटो. एका फोटोत माशी चोचीपासून बोटभर अंतरावर होती आणि पंख मागून उजळून तांब्यासारखे झाले होते. माझ्या तोंडून "अगंबाई" निघालं ते शेजारून चालणाऱ्या आजोबांनी ऐकलं. व्ह्यूफाइंडरमध्ये पक्षी जिथे दिसतो तिथे तो खरंच असतो, ही गोष्ट ब्रिजवाल्यांना नवीनच. आमच्याकडे घाईच्या वेळी कायम क्षणभर शिळी बातमी.

पण घरी आले तेव्हा कार्डात अकराशे चाळीस राघू होते. ते निवडायला रात्रीचा दीड वाजला. सॉर्टिंगमधून मी निवृत्त झाले होते ना?

मधल्या वाटाही लोकांनी सुचवल्या. सोनीचा २०१७ चा आरएक्स १० मार्क ४ आहे, एक इंची सेन्सर, २४ ते ६००. सुंदर कॅमेरा, पण ती किंमत मला देववत नाही आणि सहाशेवर तो थांबतो. निकॉनचाच पी १००० तीन हजारांपर्यंत जातो, २०२५ मध्ये त्याचा नवा भाऊ पी ११०० ही आला. दोघंही चौदाशे ग्रॅमच्या वर. माझा डावा खांदा त्याला नाही म्हणाला.

मला राहून राहून आठवत होती ती चार वर्षांपूर्वीची जानेवारी. उजनीचं फुगवटा पाणी भिगवणच्या बाजूला ओसरायला लागलं होतं, गाळाची पट्टी उघडी पडली होती आणि कुंभारगावच्या काठाला लांब पट्टकदंब बसले होते. साठ-सत्तर असतील. हे हंस उन्हाळ्यात मध्य आशियातल्या तलावांवर असतात आणि थंडीत हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. भाचा बरोबर होता, तेव्हा नवीनच मिररलेसवाला. कुठून तरी कुत्रं आलं आणि थवा उठला. भाच्याचा कॅमेरा मांजरासारखा गुरगुरला. त्या उड्डाणाचा फोटो आता त्याच्या दिवाणखान्यात आहे, तीन फुटी, आणि तो खरोखर देखणा आहे. डोक्यावरचे दोन काळे पट्टे मोजून घ्यावेत इतके स्वच्छ, मागे उसाची हिरवी रेघ.

माझ्या कॅमेऱ्यात त्या उड्डाणाचे पाच फोटो आले. पाचही आकाशाचे.

थवा वळसा घेऊन पुन्हा उतरला, आधीपेक्षाही लांब. मी झूम टोकापर्यंत नेला आणि एकेक मान बघत गेले, टपालाच्या गठ्ठ्यावरून नजर फिरवावी तशी. सव्विसावी का सत्ताविसावी मान वेगळी दिसली. तिच्यात पट्टा होता. पट्ट्यावर काहीतरी लिहिलेलं होतं.

पुढचा पाऊण तास मी गुडघे गाळात रोवून बसले होते. पक्षी चरत होता, मान वर आली की मी बटण दाबायचे. दहा वाजत आले तशी जमीन तापली आणि हवा उकळल्यासारखी थरथरायला लागली. लांबच्या झूमचा हा दुसरा शत्रू, यावर कुठल्याही भिंगात औषध नाही. साठ-एक फोटोंपैकी दोन फोटोंत अक्षरं लागली. एक इंग्रजी अक्षर, दोन आकडे. फोटो म्हणून ते दोन्ही भिकार होते. पांढरं पिवळट आलेलं, कडा विरघळलेल्या, सगळीकडे रवा सांडल्यासारखे दाणे. भाच्याच्या तीन फुटी फोटोत तो पक्षी नव्हता, आणि बसलेल्या थव्याच्या फोटोत होता तर मानेवर नुसता डाग.

असे पट्टे घालणाऱ्या अभ्यासकांचा पत्ता इंटरनेटवर शोधून मी ईमेल केलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. दोन उन्हाळ्यांपूर्वी मंगोलियातल्या एका तलावावर त्याला पट्टा घातला होता. हंसांची उडायची पिसं उन्हाळ्यात एकदमच गळतात आणि नवीन येईपर्यंत काही आठवडे त्यांना उडता येत नाही, त्या दिवसांत त्यांना अलगद घेरून हे काम करतात. उत्तराखाली आभार मानले होते आणि कळपात आणखी पट्टेवाले होते का ते विचारलं होतं.

नोकरीत असताना पावसात भिजलेली, शाई फुटलेली, "मु. पो." च्या पुढचं काहीच न लागणारी पत्रं माझ्याकडे यायची, कारण माझी नजर चांगली होती. एखादा पत्ता लागला की तो योग्य खणात टाकताना मला जे वाटायचं ते त्या ईमेलने पुन्हा वाटलं. फोटोग्राफीशी त्याचा फारसा संबंध नाही, हे मला या दोन महिन्यांत हळूहळू कळत गेलं. मला पक्षी सुंदर दिसायला नको आहे असं नाही, पण त्याआधी मला तो कोण आणि कुठला ते हवं असतं.

होडीतून मात्र ब्रिजचा काही उपयोग नाही, हेही लिहून ठेवते. दोन हजारला चौकट इतकी अरुंद असते की तीस मीटरवर जेमतेम अर्धा मीटर रुंदीचं जग दिसतं. भाच्याच्या चारशेच्या भिंगात तेवढ्याच अंतरावर पावणेदोन मीटर. काठावर बसलेल्या वीतभर धीवरासाठी हे वरदान, पण पाण्यावर होडी जरा हलली की पक्षी चौकटीतून घरंगळतो आणि मग नुसतं पाणीच पाणी. एका बटणाने झूम तात्पुरता मागे येतो, हरवलेलं सापडलं की पुन्हा पुढे जातो, पण लाटेला ते बटण कळत नाही.

आणि होडीतली एक गोष्ट मला आवडतही नाही. रोहितांच्या थव्याकडे जाताना नावाडी विचारतो, "ताई, अजून म्होरं घिऊ का?" त्याचा दोष नाही, त्याला सवय आमच्यातल्याच लोकांनी लावली आहे. उडतानाचे लाल पंख हवेत म्हणून पक्षी उठवायला सांगणारे आहेत, वर बक्षिसी देणारेही आहेत. शेकडो मैलांवरून येऊन गाळात डोकं घालून खाणाऱ्या पाहुण्याला ताटावरून उठवायचं, ही कुठली रीत? चारशेच्या भिंगाने हे पाप लागतं आणि दोन हजारच्या भिंगाने लागत नाही असं म्हणणं वेडेपणाचं होईल. भाचा कधी असं करत नाही. पण मी स्वतःला ओळखते. पंधरा दिवसांत त्याचा कॅमेरा हातात असताना पाषाणला मी दोनदा टिटवीच्या नको तितकं जवळ गेले. दुसऱ्या वेळी ती डोक्यावर ओरडत फिरायला लागली, म्हणजे आसपास अंडी असणार, तेव्हा मी मागे सरले. जुन्या कॅमेऱ्याबरोबर मी कट्ट्यावर बसूनच राहिले असते. गुडघ्यांचा त्यात मोठा वाटा आहे, ते कबूल.

शेवटी मे महिन्याच्या अखेरीस पी ९५० घेतला. भाचा पैसे भरेपर्यंत शेजारी उभा होता आणि बिल झाल्यावर म्हणाला, "कोजागिरीला चंद्र मात्र आम्हाला दाखव." हे त्याने हार मानून म्हटलं की चिडवून, ते त्याचं त्याला माहीत. आमच्या गच्चीवर मसाला दुधाच्या पातेल्यापेक्षा माझ्या कॅमेऱ्यापाशी मुलांची रांग मोठी असते. दोन हजारला चंद्र निम्मी रुंदी व्यापतो, काळे डाग आणि खड्ड्यांभोवतीच्या पांढऱ्या रेघा दिसतात आणि तिकाटण्यावर कॅमेरा सोडला तर दर दोन मिनिटांना तो आपल्या रुंदीएवढा सरकतो. पृथ्वी फिरते हे मुलांना त्या दिवशी सांगावं लागत नाही. "आजी, पळाला!" असं तीच ओरडतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बहिणीकडे गेले, चिपळूणच्या अलीकडे तिची वाडी आहे. पहिला पाऊस होऊन दोन दिवस झाले होते. संध्याकाळी मागच्या पडवीत लसूण सोलत बसले असताना फणसाखालून शीळ आली, दोन सुरांची, एक वर जाणारा आणि एक खाली येणारा. नवरंग. पावसाबरोबर हा इकडे येतो आणि झाडीखालच्या पाचोळ्यात वावरतो, दिसतो कमी आणि ऐकू येतो जास्त. मी कॅमेरा घेऊन पायरीवर बसले. आणि तो आला. दहा मीटरही नसेल, पाचोळा उलटत, आखूड शेपटी हलवत, थेट माझ्याकडे. हिरवी पाठ, पोटाखाली कुंकवाचा ठसा, डोळ्यावरून काजळाची जाड रेघ. झाडाखाली दिवेलागणीचा अंधार.

मी झूम मागे घेतला. सहाशेच्या आसपास थांबला असेल. कॅमेरा फोकस शोधत पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. दार देवघराचं झालं होतं. मी श्वास धरून बटण दाबलं. नवरंगाने दोन उड्या मारल्या, गांडूळ उचललं आणि करवंदीच्या जाळीत गेला.

रात्री वहीत नोंद केली: नवरंग, एक, सायंकाळी पावणेसात. फोटो भाच्याला पाठवला. त्याचं उत्तर लगेच आलं.

"मावशी, हा पक्षी आहे की फणसाचं पान?"

"पान उजवीकडचं," मी लिहिलं.